फोनवरचा विहित नमुना

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माझं जे कौतुक झालं, ते सगळं माझ्या आवाजामुळं.

मी बारामतीत एका सरकारी कचेरीत कारकून होते. कुठल्या ते सांगत नाही, कारण त्या वेळची माणसं अजून मंडईत भेटतात. नव्वदचं दशक अर्ध्याच्या पुढं सरकलं होतं. निराधार, विधवा, अपंग, म्हातारी माणसं यांना सरकारकडून पेन्शन मिळते, तिची प्रकरणं आमच्याकडं असायची. "माझं मंजूर झालं का?" एवढंच विचारायला माणसं लांबलांबच्या गावांहून एसटीनं यायची, व्हरांड्यात पिशवी मांडीवर घेऊन बसायची, आणि साहेब दौऱ्यावर आहेत असं कळलं की तशीच परत जायची. मग वरून हुकूम आला. तालुक्याच्या गावी एक फोन फक्त चौकशीसाठी ठेवायचा, त्याचा नंबर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचा आणि फोन उचलायला एक माणूस नेमायचं. बारामतीत ते माणूस मी झाले.

"हिचा आवाज स्वच्छ आहे," साहेब म्हणाले होते.

तो आवाज वडिलांनी घडवला होता. ते प्राथमिक शिक्षक. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेले पहिले. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा वडील चौथीत होते, आणि त्या वर्षापासून आपण पुस्तकासारखं बोलायचं असं त्यांनी ठरवलं, ते शेवटपर्यंत पाळलं. आई 'आहे'ला 'हाय' म्हणाली तर चालायचं. मी म्हणाले तर ते वर्तमानपत्रातून डोकं वर काढायचे. "तुझ्या बोलण्याकडं कुणाला बोट दाखवता येता कामा नये," असं सांगायचे. त्यामागं त्यांनी काय काय ऐकून घेतलं होतं ते मला फार उशिरा कळलं. पण त्यांचं सांगणं मी मनापासून ऐकलं होतं. फोन उचलला की मी म्हणायचे, "नमस्कार, चौकशी कक्ष. आपली काय अडचण आहे?" आणि समोरचा माणूस क्षणभर गप्पच व्हायचा. ती गप्प राहण्याची जागा मला फार आवडायची. मला वाटायचं, तो मान देतोय.

माझं रजिस्टर भराभर भरायचं. किती फोन आले आणि किती फोनांना उत्तर दिलं, याचा तक्ता दर महिन्याला वर जायचा. आसपासच्या तालुक्यांत आमचा आकडा सगळ्यात वर आणि इंदापूरचा सगळ्यात खाली असायचा. एक दिवस साहेबांनी बोलावलं.

"इंदापूरच्या टेबलावर फोनच येत नाहीत. तिथल्या माणसाला बोलायची पद्धत नाही म्हणतात. तू चार दिवस जाऊन ये. कामकाज कसं चालतं ते बघ, त्याला जरा शिकव आणि मला अहवाल दे."

मी घरी जाऊन वहीत मुद्दे काढले. फोन किती वेळ वाजला, कुणी उचलला, पहिलं वाक्य काय, एका फोनला किती वेळ, उत्तर दिलं की नाही. वडिलांना ती वही दाखवली. त्यांनी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून परत दिली.

इंदापूरच्या टेबलावर पन्नाशीपुढचे एक गृहस्थ होते. सगळी कचेरी त्यांना तात्या म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. ते स्वतः पंधरा-सोळा वर्षांचे होईपर्यंत कळपामागं फिरले होते. मग शिपाई म्हणून चिकटले, रात्रशाळा केली, परीक्षा दिल्या आणि कारकून झाले. खुर्चीत एक पाय दुमडून बसायचे. माळावर हाक मारायची सवय गेलेली नव्हती, त्यामुळं ते फोनवर बोलले की बाहेरच्या टपरीवरचा चहावालाही मान वळवायचा. फोनवर धूळ बसू नये म्हणून टॉवेल टाकलेला असायचा.

"या, ताई. लांबनं आलात. आधी पानी घ्या," ते म्हणाले. मी कशासाठी आले ते त्यांना ठाऊक होतं, पण तोंडावर तसं काही दिसलं नाही. त्याच लाइनीचा दुसरा फोन पलीकडच्या टेबलावर होता. मला ऐकता यावं म्हणून तो त्यांनी स्वतःच माझ्यापुढं आणून ठेवला.

पहिला फोन आला. तात्यांनी टॉवेल बाजूला केला.

"बोला, कोन बोलतंय? कुठनं?"

मी वहीत लिहिलं, 'नमस्कार नाही.'

पलीकडून एक माणूस बोलत होता. पाय अधू होता, प्रकरण आठ महिने पडून होतं. तात्यांनी नाव आणि गाव विचारलं आणि म्हणाले, "बरं, आता फोन ठिवा. दुकानाचा नंबर सांगा, मी तुमची फाईल काढतो आन लावतो. तुमी तितंच थांबा, च्या पिवा तवर."

फोन ठेवला गेला. मी लिहिलं, 'कॉल अपूर्ण.'

ते उठले, कपाटापाशी गेले, गठ्ठा सोडला, फाईल काढली, उभ्यानंच सगळी वाचली. मग खुर्चीत येऊन त्या दुकानाचा नंबर फिरवला. कुठला कागद कमी आहे, तो कुणाकडं मिळतो, तो माणूस कुठल्या वारी गावात येतो, हे सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "आता मी काय सांगितलं, ते तुमी मला सांगा बरं."

पलीकडच्या माणसानं सांगितलं. एक गोष्ट चुकली. तात्यांनी परत सांगितली, परत म्हणवून घेतली.

मी घड्याळ बघितलं. एका माणसाला पाऊण तास गेला होता. तेवढ्या वेळात मी बारामतीत दहा जणांना उत्तर देत असे. दुपारी डबा खाताना मी विषय काढला.

"तात्या, एका फोनला एवढा वेळ घेतला, तर बाकीच्यांनी काय करायचं?"

त्यांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला. "बाकीची कुठं हायती, ताई? बघा की, वाजतोय का फोन?"

फोन खरंच वाजत नव्हता. मी मनात म्हटलं, तीच तर तक्रार आहे. त्या संध्याकाळी वहीत मी लिहिलं की या पद्धतीनं लोकांचा विश्वास बसत नसावा, म्हणून फोन कमी येतात. हे वाक्य मला चांगलं वाटलं होतं. दुसरा दिवसही तसाच गेला. मी त्यांना पहिलं वाक्य शिकवलं. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं, "नमस्कार, चौकशी कक्ष," आणि स्वतःच हसले. "कक्ष म्हनलं की मला वाटतं मी दवाखान्यात हाय." तरी पुढचा फोन त्यांनी माझ्या समाधानासाठी तसाच उचलला. पलीकडच्या बाईनं "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. पाच मिनिटांनी तिनं परत लावला, तेव्हा तात्यांनी आपल्या पद्धतीनं उचलला.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर शेळगावच्या एका किराणा दुकानातून फोन आला. आवाज म्हाताऱ्या बाईचा, पण खणखणीत.

"मी शेळगावातनं बोलतीया. लेकीकडं आलीया. माजं गाव तिकडं बारामतीकडं. माजी पेन्शन बंद झालीया."

"कवापासनं, मावशी?"

"आखाडी एकादशीपासनं."

"मग बारामतीला इचारलं न्हाय व्हय?"

"इचारलं की! लई डाव फोन केला. तितं एक बाई हायत्या. लई ग्वाड बोलत्यात. रेडिवोवानी."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी जरा सावरून बसले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं होतं.

"काय म्हनल्या बाई?"

"म्हनल्या, हिरीचा नमुना आना."

"कशाचा?"

"हिरीचा. हयात का काय ते, त्याच्यासाठी हिरीचा नमुना पायजे म्हनल्या. दर बारीला त्येच. मग मी औषधाची बाटली उकळून घेतली, आमच्या हिरीचं पानी भरलं, बूच लावलं आन गेली की बारामतीला."

माझ्या हातातलं पेन थांबलं. 'हयातीचा दाखला विहित नमुन्यात सादर करावा.' हे वाक्य मी दिवसातून कितीतरी वेळा म्हणायचे. पेन्शन घेणारा माणूस जिवंत आहे असं दरवर्षी लिहून द्यावं लागायचं. त्याचा एक छापील कागद होता. तो विहित नमुना.

"पानी कशापायी न्हेलं, मावशी?" तात्यांनी अगदी हळू विचारलं. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

"आता काय सांगायचं? गावात ते सरकारी मानूस येतंय की, हिरीचं पानी बाटलीत भरून न्हेतंय तपासाया. त्येला नमुनाच म्हनत्यात. मला वाटलं, म्हातारी कसलं पानी पिती, जगती का मरती, हे सरकारला बघायचं असंल."

"मग?"

"बाई जेवाया गेल्या व्हत्या. त्यांच्या टेबलावर बाटली ठिवली आन आली. आता तीन म्हैनं झालं. नमुना पास झाला का न्हाय, कुनी कळवीना."

मला ती बाटली आठवली. तपकिरी रंगाची, लाकडी बूच घट्ट बसवलेली, गळ्याला दोरा बांधलेला. जेवून आले तेव्हा टेबलावर होती. कुणाची म्हणून विचारलं, कुणालाच माहीत नव्हतं. पाणी स्वच्छ दिसत होतं, म्हणून मी ते खिडकीतल्या मनी प्लँटला घातलं आणि बाटली टोपलीत टाकली.

तात्या हसले नाहीत. ते हसले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "मावशी, पानी लागत न्हाय. तुमी जित्या हाय, एवढंच सरकारला लिहून पायजे. त्याचा एक कागद असतो. त्यावर सही-शिक्का झाला की झालं. तो कागद..."

"आजी," मी मधेच माझ्या फोनवर बोलले, "तो कागद मी घेऊन येते. आज संध्याकाळी. तुम्ही दुकानापाशी थांबा."

 पलीकडं दुकानातल्या कुणाला तरी सांगितल्यासारखं ऐकू आलं, "आगं बया, ह्या तर त्याच बारामतीच्या बाई!"

फोन ठेवल्यावर मला रडू येईल की काय असं झालं. तात्यांनी टॉवेल फोनवर नीट पसरला. "ताई, मनाला लावून घिऊ नगा," ते म्हणाले. "पयल्या वर्साला मी एका मानसाला 'सक्षम प्राधिकाऱ्याकडं जा' म्हनून सांगितलं. त्यो बिचारा गावोगाव इचारत हिंडला, सक्षम कुठं ऱ्हातो म्हनून. सक्षम हे मानसाचं नाव वाटलं त्येला. तवापासनं मी परत बोलून घेतो."

मग त्यांनी कपाटातून दोन कोरे छापील कागद काढून दिले. एक चुकला तर दुसरा असावा म्हणून.

बारामतीकडं येणाऱ्या गाडीतून मी शेळगावला उतरले. आजी दुकानाच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. अंगानं काटक, पाठ ताठ, हिरवं लुगडं. ज्यांचा आवाज मी चार महिने ऐकत होते, त्या बाई अशा दिसत असतील असं मला वाटलं नव्हतं. खरं तर त्या कशा दिसत असतील याचा मी विचारच केला नव्हता.

त्यांची लेक डाळिंबाच्या बागेकडून धावत आली. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक अजून बसलेले होते. मी कागद भरला. नाव, वय, गाव. ग्रामसेवकांनी आजींपुढं शाईचा पॅड सरकवला.

"अंगठा न्हाय," आजी म्हणाल्या. "मी सही करती."

साक्षरतेच्या वर्गात दोन हिवाळे जाऊन त्या सही शिकल्या होत्या. त्यांनी पेन घेतलं, कागद स्वतःकडं तिरपा केला, आणि एकेक अक्षर काढायला लागल्या. अक्षर काढताना ओठ हलत होते. शेवटच्या अक्षरावर त्यांनी रेघ ओढली ती कागदाच्या कडेपर्यंत गेली. ग्रामसेवकांनी शिक्का मारला. आजी जिवंत आहेत, हे सरकारला कळायला एवढाच वेळ लागला.

बाहेर आल्यावर मी त्यांना सांगितलं, "आजी, चूक माझी होती. मी तुम्हाला कळेल असं बोलले नाही."

"चूक कसली? तुमी शिकल्याली मानसं. मलाच वाटलं, लई इचारलं तर बाई रागावतील."

बोलता बोलता आम्ही लेकीच्या घरी पोचलो. चहा झाला. मग आजींनी विचारलं, "बाई, त्या पान्याचं काय झालं?"

खरं सांगायला मला जड गेलं. पण सांगितलं. एका कुंडीतल्या झाडाला घातलं म्हणून.

"वाढलं का झाड?"

"वाढलं."

"मग पास झाला म्हना की नमुना!" आणि त्या इतक्या जोरात हसल्या की लेकही हसली, मीही हसले. चार महिन्यांची पेन्शन अडकलेली बाई माझ्यासमोर बसून हसत होती. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत चार डाळिंबं घातली आणि नको म्हणू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी इंदापूरला गेले नाही. बारामतीत माझ्या टेबलावर बसले, गेल्या सहा महिन्यांचं रजिस्टर काढलं आणि लाल पेन्सिल घेतली. एकच नाव, एकच गाव दुसऱ्यांदा आलं की खाली रेघ. तिसऱ्यांदा आलं की अजून एक. दुपारपर्यंत पानंच्या पानं लाल झाली. शेळगावला भेटलेल्या आजींचं नाव सात ठिकाणी होतं, आणि सातही ठिकाणी माझ्याच सुबक अक्षरात 'उत्तर दिले' असं लिहिलेलं होतं. ज्याला कळलं नाही तो परत फोन करायचा, आणि तक्त्यात माझा आकडा एकानं वाढायचा. इंदापूरचं रजिस्टर मी बघून आले होते. तिथं एक नाव दोनदा क्वचितच दिसायचं.

अहवाल मी तीनदा लिहिला. पहिल्या दोन्ही वेळा मी स्वतःला वाचवलं आहे असं वाचल्यावर लक्षात आलं. तिसऱ्यांदा बाटलीसकट सगळं लिहिलं.

साहेबांनी उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली आणि मधेच खुर्चीत बसले.

"ह्यात तुझ्याच टेबलावर ठपका येतो."

"येतो, साहेब."

"मी तुला त्याला शिकवायला पाठवलं होतं."

"हो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "असाच पाठवू वर?"

"पाठवा."

वरून काही उत्तर आलं नाही. दोन-तीन महिन्यांनी तक्त्याचा नवा छापील फॉर्म आला, त्यात 'प्रथम / पुनश्च' असा एक रकाना वाढलेला होता. तो माझ्या अहवालामुळं आला की कुणाच्या तरी आपोआप डोक्यात आला, हे मला आजतागायत माहीत नाही. पण तोवर साहेबांनी स्वतःच्या अधिकारात तात्यांना आठवडाभर बारामतीला बोलावून घेतलं होतं. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि पहिला दिवस अवघडून बसले. मग आम्ही दोघांनी एक कागद केला. डाव्या बाजूला माझे शब्द, उजव्या बाजूला त्यांचे. 'सादर करणे' पुढं 'आणून देणे'. 'सक्षम प्राधिकारी' पुढं त्यांनी लिहायला लावलं, 'तलाठी का सरपंच ते बघून नाव सांगणे'. 'विहित नमुना' आला तेव्हा दोघंही एकमेकांकडं न बघता पुढं गेलो.

'बोला, कोन बोलतंय' हे मला नीट जमेना. तात्या म्हणाले, "तुमी तुमच्या आईसंगं बोलता तसं बोला की." तसं जमलं.

घरी वडिलांना मी ही गोष्ट सांगायची टाळत होते. शेवटी एका रविवारी सांगितली. हिरीच्या नमुन्यापर्यंत आले आणि ते हसायला लागले. इतके हसले की चष्मा हातात घ्यावा लागला. आई स्वयंपाकघरातून बघायला आली. मग ते थांबले आणि त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"माझ्या वर्गात किती पोरं मान हलवायची," ते म्हणाले. "मला वाटायचं, त्यांना कळतंय."

आई म्हणाली, "मला बी तुमचं निम्मं कळत न्हाय. मी कदी बोलले का?" आणि परत आत गेली.

माघाच्या सुमारास आजींचा फोन आला. पेन्शन सुरू झाली होती, मागची थकलेलीही आली होती. "सही चालली बरं का," त्यांनी मुद्दाम सांगितलं. मी सवयीनं विचारलं, "अजून काही अडचण?" त्या म्हणाल्या, "न्हाय. असाच केला. तुमी आता आमच्यावानी बोलताय म्हनून कळलं, आयकावं म्हनलं."

त्या वर्षी आमच्या टेबलाचा आकडा खाली खाली येत गेला. साहेब तक्त्यावर सही करताना प्रत्येक वेळी एक सुस्कारा सोडायचे, पण सही करायचे. आणि उन्हाळ्यातल्या एका दुपारी फोन तासभर वाजलाच नाही. मी एकदा उचलून बघितलं, लाइन चालू होती. व्हरांड्यातही कुणी बसलेलं नव्हतं. शिपाई बाकावर डुलक्या काढत होता, बाहेर एसटी स्टँडकडून भोंग्याचा आवाज येत होता. मी डबा उघडला आणि कुठलीही घाई न करता जेवले.